विश्लेषण : आई-बाबांसाठी कार घेताय? मॉडेल ठरवण्याआधी गुडघा, डोळे आणि गल्ली मोजा

साठी-सत्तरीतल्या चालकासाठी कार घ्यायची म्हटली की घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. मुलगा मायलेज बघतो, सून एअरबॅग मोजते, शेजारचे काका 'आता ऑटोमॅटिकच घ्या' म्हणतात आणि शोरूममधला सेल्समन मोठा टचस्क्रीन दाखवतो. गाडी ज्यांना चालवायची आहे त्यांचा गुडघा, मान आणि डोळे मात्र कोणी विचारात घेत नाही. कमी खर्चात योग्य कार कशी निवडावी? ऑटोमॅटिक खरेच सुरक्षित असते का? वसई-विरारच्या रस्त्यांचा आणि पावसाचा हिशेब कसा करायचा? आणि मुळात कार घ्यायचीच का? समजून घेऊ.

हा प्रश्न आत्ताच का?

दोन कारणे आहेत. पहिले किमतीचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबी आणि १,२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन असलेल्या गाड्या यात येतात. त्याआधी २८ टक्के आणि वर उपकर होता. त्यामुळे वॅगन आरसारख्या गाडीची सुरुवातीची शोरूम किंमत पाच लाखांच्या आसपास आली. 'बाबांची जुनी गाडी आता बदलून टाकू' असा विषय अनेक घरांत निघाला तो यामुळेच.

दुसरे कारण आपल्या भागाचे. वसई पश्चिमेच्या गावांतून, म्हणजे गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशीकडून स्टेशन, बँक किंवा रुग्णालय गाठायचे तर शेअर रिक्षा आणि बस हेच पर्याय. मुले नोकरीसाठी पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. दिवसा घरात उरतात ती दोन ज्येष्ठ माणसे. आईला फिजिओथेरपीला न्यायचे, रविवारी चर्चला किंवा देवळात जायचे, पापडीच्या बाजारातून सामान आणायचे, तर चाक बाबांच्याच हातात असते.

आमच्या घरीही हेच घडले. बाबा ६८ वर्षांचे, गाडी चालवण्याचा ३५ वर्षांचा अनुभव. अंबाडी रोडच्या कोंडीत अर्धा तास क्लच दाबून घरी आले की डावा गुडघा धरून बसायचे. 'गाडी ठीक आहे रे, पाय म्हातारा झालाय,' असे म्हणायचे. मी इंजिनीअरिंग केलेला असल्याने गाडी शोधण्याचे काम माझ्याकडे आले. मी एक्सेल शीट बनवली, २३ मॉडेल टाकली, आणि पहिल्याच टेस्ट ड्राइव्हला लक्षात आले की शीटमध्ये चुकीचे रकाने होते.

आधी काय मोजायचे?

गाडीच्या आधी तीन गोष्टी मोजा.

१. सीटची उंची. जमिनीपासून सीटपर्यंतचे अंतर टेपने मोजा. घरातली जेवणाची खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. गाडीची सीट त्याहून थोडी वर असेल तर माणूस खुर्चीत बसल्यासारखा सरळ बसतो आणि सरळ उठतो. सीट खाली असेल तर गुडघा आणि कंबर वाकवून अंग आत 'सोडावे' लागते, उठताना दारच ओढावे लागते. फार उंच असेल तर उलटा त्रास. एसयूव्हीत चढताना एक पाय हवेत आणि सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर येतो. साडी नेसणाऱ्या आईसाठी तर हे अंतर आणखी महत्त्वाचे.

२. दाराचा उंबरठा. आत पाऊल टाकताना दाराची खालची पट्टी किती उंच आहे ते बघा. सीट बरोबर असूनही उंबरठा उंच असेल तर पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो.

३. तुमची गल्ली. आपल्या गावांतले रस्ते दोन वाड्यांच्या कुंपणांमधून जातात. समोरून टेम्पो आला की कोणीतरी मागे घ्यायचेच. इथे गाडीची रुंदी कागदावरची बाब राहत नाही. वॅगन आर १,६२० मिलिमीटर रुंद आहे, टाटा पंच १,७४२. फरक १२ सेंटिमीटरचा. हायवेवर तो जाणवत नाही, कुंपणाच्या भिंतीजवळ जाणवतो. वळण्याच्या त्रिज्येचेही तसेच. वॅगन आरची ती ४.७ मीटर आहे. ती जितकी कमी, तितक्या कमी वेळा मागे-पुढे करावे लागते आणि तितक्या कमी वेळा मान वळवावी लागते.

शोरूममध्ये पाच वेळा बसा आणि पाच वेळा उतरा. पहिल्या वेळी सगळ्याच गाड्या आरामशीर वाटतात. पाचव्या वेळी गुडघा खरे बोलतो.

ऑटोमॅटिक घ्यावी का?

क्लचवाला पाय दुखत असेल तर हो. पण ऑटोमॅटिकचे प्रकार समजून घ्या.

छोट्या, स्वस्त गाड्यांत मिळते ती बहुतेक एएमटी. भारतात ती २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून आली. यात गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअल गाडीचेच असतात. फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम पायाऐवजी संगणक आणि मोटर करतात. म्हणून ती स्वस्त. त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीपेक्षा साधारण अर्धा लाख जास्त मोजावे लागतात. तोटा असा की गिअर बदलताना किंचित झटका बसतो. चढावर गाडी नुसत्या एक्सलरेटरवर धरून ठेवली तर क्लच तापतो. स्टेशनजवळच्या पुलावर कोंडीत उभे राहिलात तर ब्रेक दाबा, एक्सलरेटरवर गाडी तोलू नका. गाडी चढावर मागे न घसरू देणारी 'हिल होल्ड' सोय आहे का, हे विचारून घ्या.

सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या प्रकारच्या गाड्या जास्त मऊ चालतात, पण महाग असतात. विजेच्या गाडीत गिअरच नसतो.

आणखी एक छोटी, पण महत्त्वाची गोष्ट. अनेक एएमटी गाड्यांत 'पी' म्हणजे पार्किंगची जागाच नसते. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढावाच लागतो. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये टाकून सोडायची सवय असलेल्यांना हे दोनदा सांगा.

ऑटोमॅटिकचा धोका काय?

हा भाग शोरूममध्ये कोणी सांगत नाही. ऑटोमॅटिकमध्ये दोनच पेडल असतात आणि दोन्ही उजव्या पायाने दाबायची असतात. पस्तीस वर्षे डाव्या पायाने क्लच दाबलेल्या माणसाचा पाय घाईच्या क्षणी क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर जोरात पडतो. गाडी जागच्या जागी थांबते, मागचा धडकतो. त्याहून वाईट म्हणजे गडबडीत ब्रेक समजून एक्सलरेटर दाबला जाणे. मॅन्युअल गाडीत अशा वेळी क्लच दाबला गेला तर चाकांकडे जाणारी ताकद तुटते. ऑटोमॅटिकमध्ये ती तुटत नाही.

जपानने हे जवळून पाहिले आहे. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी एक्सलरेटर दाबला आणि एका आईचा व तिच्या तीन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. चालकाला २०२१ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर तिथे वृद्ध चालकांचा प्रश्न घरोघरी चर्चिला गेला. पेडलची अशी चूक ओळखून गाडी रोखणारी यंत्रणा सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत तिथे सक्तीची होणार आहे. आपल्या स्वस्त गाड्यांत अशी यंत्रणा नाही. म्हणून सराव हाच उपाय.

पहिले पंधरा दिवस पहाटे मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर चालवा. डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर ठेवून द्या, उचलायचाच नाही. चपला घालून चालवू नका, टाच बांधलेले पादत्राण घाला. आणि ज्या चालकाला क्लचचा काहीच त्रास नाही, त्याच्यावर पंच्याहत्तरीत ऑटोमॅटिक लादू नका. सवय हीसुद्धा सुरक्षाच आहे.

उंच सीट की मजबूत सांगाडा?

खरी ओढाताण इथे आहे. बसा-उठायला सोपी, अरुंद, स्वस्त आणि चारही बाजूंनी चांगले दिसणारी गाडी म्हणून वॅगन आर ज्येष्ठांना आवडते, आणि त्यात तथ्य आहे. उंची १,६७५ मिलिमीटर, छत उंच, दारे मोठी. पण ग्लोबल एनकॅपच्या २०२३ मधल्या चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. त्यानंतर २०२५ मध्ये कंपनीने सहा एअरबॅग सर्व प्रकारांत दिल्या. मात्र एअरबॅग वाढणे आणि सांगाडा मजबूत होणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

टाटा पंचला २०२१ मध्ये त्याच संस्थेकडून पाच तारे मिळाले. दारे जवळपास काटकोनात उघडतात, त्यामुळे बसणे-उतरणे सोपे. पण गाडी रुंद आणि किमतीला वर. टाटा टियागोला २०२० मध्ये चार तारे होते, पण तिची उंची १,५३५ मिलिमीटर, म्हणजे सीटवर थोडे खाली उतरावे लागते. एमजी कॉमेटसारखी इवलीशी विजेची गाडी गल्लीत सुरेख वळते. पण तिला दोनच दारे. ती लांब आणि जड, आणि मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून आत शिरायचे. आईला मागे बसवायचे असेल तर हा पर्याय नाही.

उतारवयात हाड लवकर मोडते आणि उशिरा जुळते. त्यामुळे ताऱ्यांचा प्रश्न तरुणांपेक्षा ज्येष्ठांसाठी मोठा आहे. सोपा नियम असा : महामार्ग ४८ वर नियमित जाणे असेल तर ताऱ्यांना पहिला मान द्या. गाडी गावातल्या गावात, चाळीसच्या आत चालणार असेल तर बसणे-उठणे आणि दृश्यता यांना.

कोणत्या सोयींवर पैसे घालावेत?

* चालकाच्या सीटची उंची कमी-जास्त करण्याची सोय. बऱ्याच गाड्यांत ती वरच्या प्रकारांतच मिळते. सनरूफपेक्षा ही घ्या.
* मागचा कॅमेरा. मान वळत नसेल तर हा चैनीचा भाग राहत नाही. मागचे सेन्सर जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीचेच आहेत.
* एसी आणि आवाजासाठी फिरवायची बटणे. टचस्क्रीनवर चष्म्यातून बोट शोधत बसणे म्हणजे रस्त्यावरची नजर काढणे.
* छताजवळचे धरायचे हँडल. चालकाच्या बाजूला ते अनेक गाड्यांत नसते.
* डिकीचा कठडा खाली असावा. वॉकर किंवा व्हीलचेअर उचलून ठेवायची वेळ येऊ शकते.

सोबत बसणाऱ्याला जास्त त्रास असेल तर बाहेरच्या बाजूला वळणारी सीट हा नवा पर्याय आहे. मारुतीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन आरसाठी ती काही निवडक शहरांत सुरू केली. स्वस्त गाडीत अशी सोय मिळणे ही चांगली सुरुवात आहे.

पेट्रोल, सीएनजी की वीज?

महिन्याला २५० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ३,००० किलोमीटर धरू. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सरासरी १६ किलोमीटर धरले तर वर्षाचा खर्च साडेएकोणीस हजार. सीएनजी ८० रुपये किलो आणि सरासरी २५ धरली तर साडेनऊ हजार. बचत दहा हजारांची. सीएनजी गाडीला सुरुवातीला साधारण ९० हजार जास्त लागतात, म्हणजे ते फिटायला नऊ वर्षे. त्यात पंपावरच्या रांगा, बऱ्याच गाड्यांत सिलिंडरने खाल्लेली डिकी आणि सीएनजीत ऑटोमॅटिकचे मोजके पर्याय. कमी वापराच्या ज्येष्ठांसाठी साधे पेट्रोल बरे.

विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. स्वतःच्या अंगणात चार्जिंग होत असेल तर जरूर विचार करा. सोसायटीत राहत असाल तर आधी पार्किंगच्या जागी चार्जर बसवायची परवानगी मिळवा, मग बुकिंग करा. लक्षात ठेवा, विजेची गाडी एक्सलरेटरला लगेच प्रतिसाद देते. पेडलच्या चुकीचा मुद्दा इथे आणखी लागू होतो.

जुनी गाडी घ्यावी का?

तीन-चार वर्षे वापरलेली गाडी हा परवडणारा मार्ग आहे. पण आपल्या भागात एक तपासणी कधीच चुकवू नका : गाडी पाण्यात गेली होती का? जुलै २०१८ च्या पावसात वसई, नालासोपारा, विरारचे सखल भाग पाण्याखाली होते आणि त्यानंतरही दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पार्किंगमध्ये पाणी शिरते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे रूळ गंजलेत का, कार्पेटखाली ओलसर वास येतो का, तपासा.

विमा घेताना 'इंजिन प्रोटेक्ट' जोडून घ्या. पाण्यात गाडी सुरू करायचा प्रयत्न केल्यामुळे इंजिन बिघडले तर साध्या पॉलिसीत ते सहसा भरून मिळत नाही.

लायसन्सचे काय?

खासगी गाडी चालवायला आपल्याकडे कमाल वयाची अट नाही. मात्र वयाच्या ५५ नंतर लायसन्सचे नूतनीकरण दर वेळी पाचच वर्षांसाठी होते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. संपलेल्या लायसन्सवर एक दिवसही गाडी चालवता येत नाही, आणि त्या दिवशी अपघात झाला तर विमा अडकतो.

चाळिशीनंतर डॉक्टरांचे 'फॉर्म १-अ' प्रमाणपत्र लागते. अनेक जण ते सही-शिक्क्यापुरते आणतात. आम्हीही तेच करणार होतो. पण बाबा संध्याकाळनंतर गाडी काढायचे टाळू लागले होते, 'समोरच्यांचे दिवे आता फार पांढरे झालेत' असे म्हणायचे. म्हणून आधी डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दिव्यांचा दोष थोडा, डोळ्यांचा जास्त होता. गाडीची खरेदी तीन महिने पुढे गेली आणि आधी ऑपरेशन झाले.

प्रतिक्रियेच्या वेळेचा हिशेब करून बघा. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबायला एका सेकंदाऐवजी दोन लागले तर गाडी आणखी ११ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जवळपास तीन गाड्यांची लांबी. हे अंतर कोणतीही एअरबॅग कमी करत नाही. डोळ्यांची तपासणी, साखरेवर लक्ष आणि झोप आणणाऱ्या गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलणे यानेच ते कमी होते.

कार घ्यायचीच का?

हाही हिशेब करा. सात लाखांची गाडी आठ वर्षांनी अडीच लाखांना गेली, तर वर्षाला ५६ हजारांची घट. विमा १५ हजार, सर्व्हिसिंग ८ हजार, पेट्रोल २० हजार धरले तर वर्षाचे सुमारे एक लाख. महिन्याला २५० किलोमीटर फिरलात तर किलोमीटरमागे ३३ रुपये. मुंबई महानगर प्रदेशात फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेला रिक्षाचा मीटर दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहे. आपल्याकडे किती रिक्षा मीटरने चालतात, हे वाचकांना सांगायला नको. तरी आकड्यांत रिक्षाच जिंकते.

मग लोक गाडी का घेतात? कारण रात्री दोन वाजता छातीत दुखले तर शेअर रिक्षा भरायची वाट बघता येत नाही. कारण 'मला नेऊन सोड' असे मुलाला रोज म्हणावे लागू नये. ही गरज खरी आहे, तिला हट्ट म्हणू नये. पण नव्या गाडीऐवजी जुनीच गाडी नीट दुरुस्त करून, गरजेला तासाभराचा ड्रायव्हर बोलावून काम भागत असेल, तर तोही मान राखणारा पर्याय आहे.

थांबायचे कधी?

बंपरवर नवे ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकणे, सिग्नल उशिरा लक्षात येणे, नातवंडांना सोबत पाठवायला घरचे कचरणे. यांतले दोन दिसले तर बोलायची वेळ आली. 'तुम्हाला आता जमत नाही' असे म्हणू नका. 'रात्रीची आणि पावसातली गाडी आता मी चालवतो' असे म्हणा. चावी एकदम काढून घेण्यापेक्षा थोडे थोडे कमी करणे दोघांनाही सोपे जाते.

आमच्या घरी शेवटी उंच सीटची, वापरलेली एएमटी हॅचबॅक आली. तिचे तारे मला खुपतात, म्हणून करार झाला : हायवे, रात्र आणि मुसळधार पाऊस माझ्याकडे. बाकीचे सगळे बाबांकडे. भाईंदरला जायचे असेल तर फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेली रो-रो बोट आहे, हायवेचा फेरा वाचतो.

कंपन्यांनी आणि सरकारने काय करावे?

सीटची उंची बदलण्याची सोय आणि चालकाच्या बाजूचे हँडल यांना काही फार खर्च येत नाही. ती स्वस्त प्रकारांत द्यायला हवीत. शोरूमनी ज्येष्ठांना टेस्ट ड्राइव्ह त्यांच्याच गल्लीत द्यावी. फॉर्म १-अ भरताना डोळ्यांची तपासणी खरीखुरी झाली पाहिजे. ती चालकाला अडवण्यासाठी नको, तिने त्याला आणखी पाच वर्षे सुरक्षित चालवता यावे.

आणि सर्वात मोठी जबाबदारी सार्वजनिक वाहतुकीची. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. पण मोफत तिकिटाचा उपयोग बस वेळेवर आली आणि तिची पायरी चढता आली तरच. गावातून स्टेशनला वेळेवर, खालच्या पायरीची बस मिळाली तर कित्येक आजोबा आनंदाने चावी खुंटीला टांगतील. आज ते गाडी चालवतात, कारण दुसरा मार्ग नाही. नाइलाजाने चालवलेली गाडी कोणतीही असली तरी ती सुरक्षित नसते.

थोडक्यात

* आधी डोळे तपासा, मग गाडी बघा.
* पाच वेळा बसा-उठा, मग किंमत विचारा.
* ऑटोमॅटिक घेतली तर पंधरा दिवस सराव सक्तीचा.
* हायवे असेल तर तारे आधी, गल्ली असेल तर रुंदी आधी.
* निर्णय चालकाला सोबत घेऊन करा. गाडी त्यांना चालवायची आहे.